९८ ची जिप्सी : साठला थरथरते, दुपारी बंद पडते, फोर-बाय-फोरची दांडी अडकते. काय करू?

मानेवाड्याचा बंटी | १४ एप्रिल, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मोठ्या मामांची मारुती जिप्सी किंग माझ्याकडे आली आहे. १९९८ चं मॉडेल, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली. चार वर्षं भिवापूरला गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. मामांनी २०२३ मध्ये आरसी पाच वर्षांसाठी वाढवून ठेवली होती, म्हणून कागदाची कटकट नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, टाकी धुतली, बॅटरी आणि प्लग नवीन टाकले आणि दुसऱ्या सेल्फला लागली. मामींनी नारळ फोडला. इथपर्यंत सगळं गोड.

आता रडगाणं.

पंचावन्न-साठच्या पुढे असताना पुढच्या चाकाला एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग असं थरथरते की हातातून सुटून राहिलं असं वाटते. वेग चाळीसच्या खाली येईपर्यंत थांबत नाही. एका गॅरेजात 'डँपर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा दांडा) गेला' म्हणून नवीन डँपर टाकला, अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं, साडेचार हजार घेतले. आठवडाभर बरं होतं, मग पुन्हा तेच.

दुसरं, दुपारी दोन-तीनला नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर हमखास बंद पडते. वीस मिनिटं थांबलो की जसं काही झालंच नाही अशी चालू होते. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव घेतात.

तिसरं, परवा हिंगण्याकडे मोकळ्या रस्त्यावर फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद) लावून पाहिली. लागली, पण दांडी परत निघेचना. तशीच रडतरखडत घरी आणली, वळताना टायर कचकच करत होते. घराजवळ रिव्हर्स घेताना आपोआप सुटली.

या तीन गोष्टी झाल्या की दोन इंचाची लिफ्ट (गाडी उंच करणं), पुढचेही टायर मोठे (मागचे दोन मामांनी नवीन टाकले होते, मस्त आहेत) आणि एक विंच (रुतलेली गाडी ओढायची चरखी), असा विचार आहे. बजेट ऐंशी हजार.

---

ईएमई काका | १५ एप्रिल, सकाळी ५:४०

बेटा, लिफ्ट आणि विंच आधी डोक्यातून काढ. साठला थरथरणारी गाडी दोन इंच उंच केली तर पन्नासला थरथरेल. पाट्या (लीफ स्प्रिंग) टांगायचे लांब शॅकल टाकले की पुढचा अ‍ॅक्सल फिरतो, कॅस्टर (चाक वळायच्या आसाचा मागचा कल) कमी होतो, चाकाची आपणहून सरळ होण्याची खोड जाते. मग कितीही डँपर बदल. डँपर म्हणजे तापावर पॅरासिटामॉल. ताप उतरतो, दुखणं तिथंच राहते.

मी फौजेत अठ्ठावीस वर्षं गाड्याच उघडल्या, त्यात जिप्सी भरपूर. तुझं दुखणं बहुतेक किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळते तिच्या, बेअरिंगमध्ये आहे. घरीच तपास. पुढचं चाक जॅकवर उचल. एक हात बारा वाजता, एक सहा वाजता, आणि चाक आत-बाहेर हलव. खडखड लागली तर घरच्या कोणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन. दोन्ही बाजूंना कर. मग टाय रॉडचे एंड आणि पाट्यांचे बुश बघ. पाच मिनिटांचं काम आहे, साडेचार हजारांचं नाही.

---

काटोलवाला | १५ एप्रिल, सकाळी ९:१५

काकांशी सहमत. आणि बंटीभाऊ, पेट्रोलची गाडी घेतली न तुम्ही, आता भोगा नागपूरचा उन्हाळा 😀 माह्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल. बासष्ट घोडे, त्यातले आठ-दहा म्हातारे होऊन मेले असतील. हिवाळ्यात सकाळी हीटर लावून धा-पंधरा सेकंद बसा लागते, बिडी पिणाऱ्या म्हाताऱ्यासारखी खोकते, पण सत्तेचाळीस डिग्रीत कधी 'चक्कर' आली नाही तिले.

तुमच्या गाडीले चक्कर येऊन राहिली. पुढच्या वेळी बंद पडली की पाण्यानं ओला केलेला दुपट्टा इंजिनजवळच्या पेट्रोल पंपावर टाका. पाच मिनिटांत चालू झाली तर समजा दुखणं काय आहे.

---

तेजू | १५ एप्रिल, दुपारी १:३०

दादा म्हणतात ते बरोबर. याला व्हेपर लॉक म्हणतात. कार्बोरेटरवाल्या जिप्सीत पंप इंजिनलाच चिकटलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. ओढताना नळीत दाब कमी, वरून इंजिनची भट्टी. सिग्नलला हवा लागत नाही, पेट्रोल नळीतच उकळतं, आणि पंप वाफ ढकलत बसतो. वाफ काही कार्बोरेटरच्या कामाची नाही. निवली की पुन्हा द्रव, पुन्हा चालू.

त्यात आता पेट्रोल भरायच्या पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबराला ते मानवत नाही. माझी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली आहे (टाकीतला इलेक्ट्रिक पंप दाबाने पाठवतो, म्हणून आमचं दुपारी भागतं), तरी दोन वर्षांपूर्वी एक नळी बोटाने दाबली तर चिकट गुळासारखी झाली होती. तुम्ही असं करा :

सगळ्या पेट्रोल नळ्या नव्या टाका, त्या इंजिन, एक्झॉस्टपासून लांबून न्या आणि वरून उष्णतेचं आवरण चढवा. पंप आणि इंजिनमधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे का पाहा, मिस्त्री लोक तो हमखास काढून फेकतात. टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन फुंकून बघा, चोक असेल तर गरम पेट्रोल तिथेच घोटाळत राहतं. आणि चार वर्षं उभी होती म्हणजे रेडिएटर आतून गाळाने भरलेला असणार, तो उघडून साफ करा. पुष्कळदा मूळ तिथेच असतं. गाडी घुमसते आणि आपण पेट्रोलला शिव्या घालतो.

फोर-बाय-फोरबद्दल एक शंका आहे. पुढच्या आणि मागच्या टायरच्या कडेवर काय आकडे आहेत, तेवढे लिहा.

---

कोथरूडचा पाहुणा | १५ एप्रिल, दुपारी ४:०५

मूळ मुद्दा निसटतो आहे असं वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या, निर्मात्याने ठरवलेल्या वैशिष्ट्यांपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं आहे. लिफ्ट, अवाढव्य टायर, बाहेर आलेले लोखंडी बंपर, हे सगळं त्यात येतं. २०२८ ला गाडी पुन्हा तपासणीला न्यावी लागेल तेव्हा हे आठवेल. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हाती आयतं कोलीत.

---

काटोलवाला | १५ एप्रिल, दुपारी ४:२०

कोथरूडकर, मुद्दा बरोबर आहे, पण तुमचं बोलणं ऐकून आमच्या तलाठ्याची आठवण आली 😀

---

कोथरूडचा पाहुणा | १५ एप्रिल, दुपारी ४:४१

तलाठी निदान सातबारा तरी देतात. मी फुकट सांगतोय.

---

मानेवाड्याचा बंटी | १६ एप्रिल, रात्री ९:३०

काका, तपासलं. बहिणीला ब्रेकवर बसवलं. डावीकडे ब्रेक दाबूनही खडखड, म्हणजे किंगपिनच. उजवीकडे थोडी कमी.

तेजूताई, पुढे २०५/७० आर १५. मागे २१५/७५ आर १५. का?

---

तेजू | १६ एप्रिल, रात्री १०:०२

सापडला चोर.

२०५/७० आर १५ चा व्यास येतो ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०४. पाच टक्क्यांचा फरक. दर शंभर मीटरला पुढचं चाक मागच्यापेक्षा जवळजवळ अडीच फेरे जास्त फिरतं. टू-व्हीलमध्ये याने काही बिघडत नाही. पण जिप्सीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगळं फिरू देणारे गिअर) नाही. फोर-बाय-फोर लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांनी सारखंच फिरायचं. चाकं म्हणतात आम्हाला वेगळं फिरायचं आहे. हा ताण कुठेतरी साठतो, शाफ्टमध्ये, गिअरच्या दातांत. दात एकमेकांवर घट्ट बसले की दांडी कशी निघेल? तुम्ही रिव्हर्स घेतलात तेव्हा ताण उलगडला आणि ती सुटली.

चारही टायर सारखे असते तरी डांबरावर थोडंबहुत हेच होतं, कारण वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात. मातीत, वाळूत टायर जरासा घसरून ताण सोडून देतो. म्हणून डांबरावर फोर-बाय-फोर नाही, म्हणजे नाही. तुमच्याकडे दोन्ही चुका एकत्र झाल्या. ट्रान्स्फर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) तुटली नाही हे मामांचं पुण्य.

---

ईएमई काका | १७ एप्रिल, सकाळी ५:३५

शाब्बास पोरी.

बंटी, चारही २०५ घे. मोठ्या टायरच्या नादी लागू नको. टायर मोठा झाला की गिअरिंग लांबतं, आणि जिप्सीचा लो (फोर-बाय-फोरचा हळू, ताकदीचा गिअर) आधीच फार खोल नाही. काटोलवाल्यांच्या जीपचा लो हायच्या जवळपास अडीचपट ताकद देतो, तुझा दीडपटीच्या थोडा वर. जिप्सीचं बळ ताकदीत नाही, हलकेपणात आहे. एक टनाच्या आसपासचं वजन. जिथं जीप रुतून बसते तिथून ती मांजरासारखी निघून जाते. तिच्यावर विंच, लोखंडी बंपर आणि रूफ कॅरिअर चढवून तिचा रेडा करू नको.

---

मानेवाड्याचा बंटी | २३ मे, रात्री ११:२०

अपडेट. उशीर झाला, कारण घरात लग्न होतं आणि गाडी तीन आठवडे विटांवर होती.

किंगपिनचं काम अंगणात केलं. शेजारचा निवृत्त लेथवाला सोबत होता. नकल (किंगपिनवर वळणारा चाकाचा सांधा) उघडलं तर आतलं ग्रीस डांबर झालेलं. बेअरिंगची वाटी पुसून उन्हात धरली, तर आत रोलरच्या जागी एकसारख्या खाचा. जात्याला टाकी लावल्यासारख्या. लेथवाले म्हणाले, गाडी सरळ चालताना रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी ठोकले जातात, तिथेच खाच पडते. म्हणजे स्टेअरिंग सरळ असताना नेमकं सैल. आता समजलं, वळताना कधीच का थरथरली नाही.

दोन्ही बाजूंच्या चारही बेअरिंग, सील, फेल्ट नवीन. मग शिमचा (पातळ चकत्यांचा) खेळ. काकांनी फोनवर सांगितलं की टाय रॉड काढून नकलच्या टोकाला ताणकाटा अडकवायचा आणि ओढायचं. सील न बसवता, किलो ते पावणेदोन किलोच्या दरम्यान हललं पाहिजे. ताणकाटा कुठून आणू? गल्लीतला रद्दीवाला दुपारी झोपतो, त्याचा आणला. पहिल्यांदा अर्ध्या किलोलाच हललं. एक शिम काढली, अडीच किलो. पातळ शिम टाकून दीडवर आणलं. रद्दीवाला उठून आला आणि म्हणाला, "माझा काटा शंभर ग्रॅम मारतो, लक्षात ठेवा." एवढा प्रामाणिक रद्दीवाला मी पाहिला नाही.

जुना डँपर परत लावला. कामठी रोडवर रात्री ऐंशीपर्यंत नेली, एक हात मांडीवर ठेवून. काही नाही. शांत.

पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. इन्सुलेटर खरंच नव्हता! रेडिएटरमधून मूठभर लाल गाळ निघाला. काल साडेचौवेचाळीस डिग्री होतं, मुद्दाम दुपारी अडीचला बर्डीत फिरवली. दोनदा सिग्नल लागला, बंद पडली नाही. एकूण खर्च सव्वाअकरा हजार, त्यात लेथवाल्या काकांचा तर्री पोहा धरून. चारही टायर २०५ चे घेतले, त्याचे वेगळे.

---

कऱ्हांडल्याचा | २४ मे, सकाळी ११:१०

धागा वाचून बरं वाटलं. मी सफारीची जिप्सी चालवतो, आमच्या गाड्या रोज सकाळ-दुपार धूळ खातात. दोन गोष्टी सांगतो.

एअर फिल्टर उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी काढून झटका. आणि ट्रान्स्फर केस तीन रबरांवर टांगलेली असते, ती रबरं पाहा. एक तुटलं की गाडी अंगात आल्यासारखी घुमते आणि लोक शाफ्टचे क्रॉस (सांधे) बदलत बसतात. पाट्यांची मधली पिन आणि यू-बोल्ट दर महिन्याला आवळा. आम्ही गेट बंद असतात त्या पावसाळ्यात सगळं उघडतो.

आणि कृपा करून जंगलाच्या रस्त्यावर 'ऑफरोडिंग' करायला येऊ नका. गुन्हा दाखल होतो आणि आमच्या पोटावर पाय येतो.

---

मानेवाड्याचा बंटी | ११ जुलै, रात्री ८:१५

हसायला तयार राहा.

रविवारी मामांच्या शेतात गेलो. तीन दिवस पाऊस होता, सकाळी उघडला. धुऱ्यावरून जायचं होतं, वाटलं फोर-बाय-फोर आहे न बावा, आपल्याला काय. लो लावला, दुसरा गिअर, शिरलो. वीस फूट गेलो आणि गाडी थांबली. चाकं फिरून राहिली, गाडी जागची हलेना. खाली उतरलो तर चपला मातीत राहिल्या, पाय बाहेर आले. टायरच्या खाचा दिसतच नव्हत्या, चारही चाकं काळे लाडू.

अजून गॅस दिला. पुढचा अ‍ॅक्सल मातीवर टेकला.

एक गोष्ट पाहून धक्का बसला. फोर-बाय-फोर असूनही फिरत होती फक्त दोनच चाकं. पुढचं डावं आणि मागचं उजवं. बाकीची दोन आरामात बसलेली. असं काहून?

---

तेजू | ११ जुलै, रात्री ८:४०

कारण दोन्ही अ‍ॅक्सलमधले डिफरन्शियल साधे आहेत. साधा डिफरन्शियल ज्या चाकाला पकड नाही त्यालाच सगळं फिरणं देतो. म्हणजे पुढचं एक, मागचं एक. चारही चाकं एकदम फिरवायला दोन्हीकडे लॉकर (दोन्ही चाकं एकमेकांना बांधणारे) लागतात. कंपनीच्या जिप्सीत ते नसतात, आणि घरच्या गाडीला लागतही नाहीत.

---

काटोलवाला | ११ जुलै, रात्री ९:०५

भाऊ, काळ्या मातीत पहिल्या पावसात आमचे बैल जात नाहीत, तुम्ही जिप्सी घातली! ती माती ओली झाली की साबण, वाळली की दगड. तिथं ताकदीचं काम नाही, थांबण्याचं काम आहे. एक दिवस ऊन पडू द्या, वरची पापडी धरू द्या, मग जा. जावंच लागलं तर दुसरा गिअर, एकाच चालीत, मधे थांबायचं नाही, गॅस वर-खाली करायचा नाही. चाक फिरायला लागलं की लगेच सोडून द्यायचं. फिरवत बसाल तर स्वतःची कबर स्वतः खोदाल.

हवा कमी करून वाळूत फायदा होते. कन्हानच्या रेतीत पंधरा-अठरा पीएसआयवर गाडी तरंगते. काळ्या चिकणात त्याचा तेवढा फायदा नाही, खाचा भरल्या की भरल्या.

काढली कशी ते सांगा.

---

मानेवाड्याचा बंटी | ११ जुलै, रात्री ९:५०

शेजारच्या शेतातले आजोबा आले. मला एक शब्द बोलले नाहीत. कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) ढीग होता, चुलीसाठी ठेवलेला. त्यातले भारे आणले, चाकांच्या मागची माती फावड्यानं मोकळी केली, पऱ्हाटी आडवी अंथरली, चाकाच्या पोटाखाली ठोकून बसवली. मग म्हणाले, "पुढे नको जाऊ. ज्या वाटेनं आला त्या वाटेनं माघारी जा." लो, रिव्हर्स, क्लच पूर्ण सोडून, गॅस जवळजवळ नाहीच. काड्या कडाकडा मोडल्या आणि गाडी आपल्याच चाकोरीतून माघारी निघाली. जाताना आजोबा म्हणाले, "तुझा मामा पावसाळ्यात गाडी डांबरावर ठेवून पायी येत होता."

---

ईएमई काका | १२ जुलै, सकाळी ५:५०

त्या आजोबांना माझा सॅल्यूट सांग.

आज गाडी धू. ती माती वाळण्याआधी. ब्रेकच्या आत, अ‍ॅक्सलवर, रेडिएटरच्या जाळीत. रेडिएटरला पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मार, पुढून मारलंस तर माती आत जाऊन बसेल. आणि वाटेत कुठं नाल्याच्या पाण्यातून गेला होतास का?

---

मानेवाड्याचा बंटी | १२ जुलै, सकाळी ८:१०

हो काका. हबच्या वर पाणी होतं, दोन मिनिटं उभाही होतो, व्हिडिओ काढत. काहून?

---

ईएमई काका | १२ जुलै, सकाळी ८:१४

दोन्ही डिफरन्शियलचे ड्रेन बोल्ट जरा सैल करून बघ, काय रंगाचं येते ते.

---

मानेवाड्याचा बंटी | १२ जुलै, संध्याकाळी ७:३०

मागचं स्वच्छ. पुढच्यातून आधी चमचाभर पाणी आणि मग टपरीवरच्या कटिंगसारखं तेल. दुधाळ. वास पण काहीतरी वेगळाच.

---

ईएमई काका | १२ जुलै, रात्री ८:००

गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आखडते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर (आतल्या हवेची बारीक वाट) मोकळा असेल तर हवा घेईल, मातीने बुजला असेल किंवा पाण्याखाली असेल तर सीलच्या कडेने पाणी घेईल. तुझा पुढचा ब्रीदर बुजलेला आहे, लिहून देतो. टोपी काढून साफ कर, नळी लावून ती बॉनेटखाली वरपर्यंत ने. दोनशे रुपयांचं काम, आणि ऐंशी हजारांतला हाच एक बदल मला मंजूर आहे.

तेल आजच काढ. स्वस्तातलं तेल भर, दहा किलोमीटर चालव, तेही काढ, मग चांगलं भर. डिफरन्शियलला जीएल-५ प्रतीचं तेल. गिअरबॉक्सला तेच ओतू नको, तिथं जीएल-४. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खातात. दुकानदार 'एकच आहे, टाका' म्हणेल. ऐकू नको.

---

कोथरूडचा पाहुणा | १२ जुलै, रात्री ८:३०

कलम ५२ मध्ये ब्रीदरची नळी बसते का, हे मी तपासणार नाही.

---

काटोलवाला | १२ जुलै, रात्री ८:३३

तलाठीसाहेब सुधारले 😀 संत्र्याच्या बहाराले या काटोलले, पेटी तुमची.

---

मानेवाड्याचा बंटी | ३ सप्टेंबर, दुपारी १२:४०

ब्रीदरच्या नळ्या दोन्हीकडे लावल्या. तेल दोनदा बदललं, परवा पुन्हा पाहिलं, मधासारखं स्वच्छ आहे. पोळ्याला भिवापूरला गेलो होतो. गाडी डांबरावर ठेवली, शेतात पायी गेलो. आजोबांसाठी पऱ्हाटीच्या बदल्यात चुलीची लाकडं नेली, तर हसले फक्त. लिफ्ट आणि विंचचा विषय बंद, उरलेल्या पैशांत गाडीचा कापडी टप नवीन शिवून घेतला.

आता एक विकायचं आहे. २१५/७५ आर १५, दोन नग, जेमतेम दोन हजार किलोमीटर चाललेले. कोणाला जोडी पूर्ण करायची असेल तर.

---

काटोलवाला | ३ सप्टेंबर, दुपारी १:०५

माह्या भाच्याच्या गाडीले चारही तेच आहेत, मागचे दोन गेले. किती?

---

मानेवाड्याचा बंटी | ३ सप्टेंबर, दुपारी १:१२

सात हजार दोन्हीचे.

---

काटोलवाला | ३ सप्टेंबर, दुपारी १:१५

पाच. आणि त्याच्या पुढच्या टायरशी व्यास मोजूनच घेईन, तेजूताईनं शिकवलं हाये. रविवारी वाडीच्या नाक्यावर आणा.

---

तेजू | ३ सप्टेंबर, दुपारी १:४०

आकडे सारखे असले तरी झिजलेल्या आणि नव्या टायरच्या व्यासात सेंटिमीटरभर फरक पडतो, दादा. दोऱ्याने घेर मोजा.

---

मानेवाड्याचा बंटी | ३ सप्टेंबर, दुपारी १:४४

ताई, माझे टायर विकले जाऊ द्या न आधी! साडेपाच, आणि दोरा मी आणतो.